डेटाबेससाठी मध्यक लिहितोय, चोपडीत नेमकं काय ठेवू?

धुळाक्षर | सोमवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी तांत्रिक धागा काढतोय. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पाककृतींकडे वळावं, राग नाही.

कामावर पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे. पार्सल गोदामातून निघाल्यापासून दारात पोचेपर्यंत किती मिनिटं लागली, याचा एक लांबलचक तक्ता आहे. आजवर साहेबांच्या स्क्रीनवर सरासरी दिसायची. मागच्या महिन्यात एका पोरानं पार्सल दिलं, पण 'पोचलं' दाबायला विसरला. १९ दिवसांनी कुणीतरी ती नोंद बंद केली. २७,३६० मिनिटं! त्या भागात त्या दिवशी एकूण ३० पार्सलं, बाकीची २९ चाळीसच्या आसपास. सरासरी आली साडेनऊशे. मध्यक (क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढला असता तर चाळीसच आला असता. साहेबांनी ते स्क्रीनवर पाहिलं आणि पुढचं तुम्ही ओळखालच.

आता, तयार फंक्शन आहे हे मला माहीत आहे, ते सांगायला प्रतिसाद खर्च करू नका. २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये परसेंटाइल_कॉन्ट आणि परसेंटाइल_डिस्क आहेत. ०.५ द्या, 'विदिन ग्रुप' लिहा, झालं. माझं घोडं तीन जागी अडतंय.

पहिलं म्हणजे मला दर तासाला मागच्या सात दिवसांचा मध्यक हवाय, सरकत्या विंडोवर (म्हणजे पुढे सरकत जाणाऱ्या ओळींच्या तुकड्यावर). या दोघांना विंडोसाठीचं 'ओव्हर' जोडलं की पोस्टग्रेस सरळ नकार देतं. दुसरं, ही फंक्शनं क्वेरीत आली की काम समांतर कामगारांत वाटलं जात नाही. आणि ग्रुप बायसाठी (गट पाडण्यासाठी) हॅशची, म्हणजे सॉर्ट न करता गट पाडायची, वाटही बंद, आधी सॉर्ट करूनच गट पाडले जातात. तिसरी कुरकुर छोटी आहे. परसेंटाइल_कॉन्टला न्यूमेरिक (नेमका दशांश) रक्कम दिली तरी उत्तर डबल प्रिसिजनमध्ये (अंदाजे दशांशात) येतं. मिनिटांना चालेल, पण उद्या हेच कुणीतरी रुपयांवर वापरणार.

म्हणून स्वतःचं अ‍ॅग्रिगेट लिहायला बसलो, म्हणजे अनेक ओळींतून एक उत्तर काढणारं फंक्शन. ज्यांनी कधी लिहिलं नाही त्यांच्यासाठी: पोस्टग्रेस तुमच्या हातात एक कोरी चोपडी देतं. एक फंक्शन प्रत्येक ओळ आली की चोपडीत नोंद करतं. दुसरं फंक्शन शेवटी चोपडी वाचून उत्तर सांगतं. चोपडीत काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं. सरासरीची चोपडी दोन आकड्यांची असते, बेरीज आणि संख्या. कोट्यवधी ओळी येऊ देत, आकडे दोनच.

मध्यकाला ही चैन नाही. जिम ग्रे आणि मंडळींच्या १९९७ च्या डेटा क्यूबवरच्या लेखात अ‍ॅग्रिगेटांच्या तीन जाती सांगितल्या आहेत. बेरीज तुकड्यांची करून जोडता येते. सरासरी ठरावीक दोन-चार आकड्यांवरून निघते. मध्यक तिसऱ्या जातीचा, त्याला सगळा माल समोर लागतो. हे मला आधी पटेना, म्हणून कागदावर मांडलं: (१, २, ३०), (३, ४, ४०), (५, ६०, ७०). तिघांचे मध्यक २, ४, ६०. त्यांचा मध्यक ४. सगळे नऊ आकडे एकत्र लावले तर मध्यक ५. पटलं.

सध्या चोपडीत सगळे आकडे एका अ‍ॅरेत भरतोय, शेवटी सॉर्ट करून मधला उचलतोय. चालतं, पण रांगत. अनुभवी मंडळींनी वाट दाखवावी.

ताकभात | सोमवार, रात्री ११:४०

वाचतोय. वाखु (वाचनखूण) साठवली.

नल_आणि_दमयंती | मंगळवार, सकाळी ८:०५

नाव बघूनच कळलं असेल मी कशावर बोलणार.

अ‍ॅरे भरायला अ‍ॅरे_अपेंड वापरलंय का? बरेच जण तसंच करतात, कारण चार ओळींत काम होतं. पण ते फंक्शन 'स्ट्रिक्ट' नाही. म्हणजे नल (रिकामी किंमत) आला तर तोही निमूटपणे अ‍ॅरेत जाऊन बसतो. मग लांबी मोजताना तो धरला जातो, आणि चढत्या क्रमात पोस्टग्रेस नल शेवटी ठेवतं. पाच पार्सलांची वेळ ३०, ३५, ४०, नल, नल अशी असेल तर 'मधला' आकडा ४० येतो. खरा मध्यक ३५. कुठे एरर नाही, कुठे इशारा नाही, नुसता आकडा फुगलेला. नोंद करणारं फंक्शन स्ट्रिक्ट म्हणून जाहीर केलंत की नलवाल्या ओळी तिथपर्यंत पोचतच नाहीत.

दुसरं, एकही ओळ नसेल किंवा सगळेच नल असतील तर उत्तर नल द्या. शून्य देऊ नका, हात जोडून विनंती. शून्य मिनिटांत पार्सल पोचतं म्हणून कुणीतरी जाहिरात छापेल.

आणि दशांश कॉलम असेल तर 'नॅन'कडेही ('हा आकडाच नाही' अशी खूण) बघा. पोस्टग्रेस त्याला सगळ्या आकड्यांहून मोठा मानतं. त्यामुळे सॉर्ट मोडत नाही, पण प्रत्येक नॅन मध्यकाला थोडं थोडं वर ढकलतो.

धुळाक्षर | मंगळवार, सकाळी ९:३०

@नल_आणि_दमयंती, पकडलंत! अ‍ॅरे_अपेंडच होतं. आता सी भाषेत लिहितोय, मिनिटं बिगइंट (मोठा पूर्णांक) धरून. स्ट्रिक्ट केलं.

ओरॅकलचा_वारकरी | मंगळवार, दुपारी १:१५

आमच्याकडे ओरॅकलमध्ये १०जी आवृत्तीपासून मीडियन नावाचं फंक्शन आहे. कंसात कॉलम टाका, घरी जा. ओव्हर आणि पार्टिशन बाय पण चालतं (मात्र ओव्हरच्या आत ऑर्डर बाय लिहू देत नाही, म्हणजे तुमची सरकती विंडो आमच्याकडेही नाही). १२.२ मध्ये तर अंदाजे मध्यक देणारं वेगळं फंक्शन आलं.

बाकीच्यांची कहाणी ऐकण्यासारखी आहे. एसक्यूएल सर्व्हरनं २०१२ मध्ये परसेंटाइल_कॉन्ट दिलं, पण ते ओव्हरशिवाय चालत नाही. म्हणजे तुमच्या पोस्टग्रेसच्या बरोब्बर उलटं! ग्रुप बायचं उत्तर हवं तर प्रत्येक ओळीपुढे तोच मध्यक छापून घ्या आणि वर डिस्टिंक्ट मारा. मारियाडीबीत १०.३ पासून मीडियन आहे, तेही ओव्हरसकटच. मायएसक्यूएलवाल्यांनी ओळींना क्रमांक देऊन मधली ओळ स्वतःच्या हातानं उचलायची. ८.० मध्ये विंडो फंक्शनं आली तेव्हा कुठे तेवढं तरी सुटसुटीत झालं.

चिंच_गूळ | मंगळवार, दुपारी २:०२

अवांतर: बाजार समितीच्या पत्रकात कांद्याचा किमान, कमाल आणि 'सर्वसाधारण' असे तीन दर असतात. तो सर्वसाधारण म्हणजेच मध्यक ना?

आत्याबाई | मंगळवार, दुपारी ४:४८

@चिंच_गूळ, नाही हो. ज्या दराला जास्तीत जास्त माल गेला तो दर, म्हणजे बहुलकाच्या जवळचा. मध्य, मध्यक, बहुलक ही तीन भावंडं आहेत, दहावीची मुलंही दरवर्षी त्यांची अदलाबदल करतात. मी गणित शिकवते, तुमच्या डेटाबेसमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण धागा रंगलाय, बसले आहे कोपऱ्यात.

जुना_जोगी | मंगळवार, रात्री १०:२०

सी-मध्ये लिहिताय तर दोन खड्डे दाखवून ठेवतो. दोन्हीत मी स्वतः पडलोय.

एक. चोपडीसाठी मेमरी मागताना ती अ‍ॅग्रिगेटच्या कॉन्टेक्स्टमधून (पूर्ण हिशेब होईपर्यंत टिकणाऱ्या कप्प्यातून) मागा. नेहमीसारखी मागितलीत तर ती त्या ओळीपुरतीच असते, पुढची ओळ येईपर्यंत साफ झालेली असते. गंमत म्हणजे पाच-दहा ओळींच्या चाचणीत बऱ्याचदा सगळं सुरळीत दिसतं, कारण त्या जागेवर अजून कुणी लिहिलेलं नसतं. मग खऱ्या डेटावर एक बॅकएंड (एक कनेक्शन सांभाळणारी प्रक्रिया) कोसळतो, आणि तो कोसळला की पोस्टग्रेस खबरदारी म्हणून बाकीच्यांची कनेक्शनंही तोडतं. सगळ्या ऑफिसला कळतं.

दोन. अ‍ॅरे भरला की दुप्पट करायचा, हे सगळेच करतात. बिगइंट आठ बाइटचा. ६,७१,०८,८६४ आकड्यांना अर्धा जीबी लागतो. त्याच्या पुढचा एक आकडा आला की तुम्ही दुप्पट मागणार, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट. पोस्टग्रेसच्या साध्या मागणीची कमाल मर्यादा आहे १,०७,३७,४१,८२३. एका बाइटनं हुकलं! हा आकडा माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. मोठ्या मागणीसाठी वेगळं फंक्शन आहे, ते वापरा. पण तिथवर पोचलात तर आधी स्वतःला विचारा की एका चोपडीत सात कोटी आकडे कशाला हवेत. तयार फंक्शन निदान आपला माल सॉर्टच्या यंत्रणेकडे देतं, आणि वर्क_मेम (ठरवून दिलेली मेमरी) ओलांडला की ती डिस्कवर उतरते. तुमचा अ‍ॅरे रॅममध्येच फुगत जाणार.

बाकी मधला आकडा काढायला अख्खा अ‍ॅरे सॉर्ट करायची गरज नाही. होअरची १९६१ ची युक्ती आहे: एक आकडा निवडा, लहान डावीकडे, मोठे उजवीकडे, आणि ज्या बाजूला मधली जागा पडते तेवढ्याच बाजूत पुन्हा शोधा. सरासरीत रेषीय वेळ, म्हणजे आकडे दुप्पट तर वेळ दुप्पट. नशीब फुटकं असेल तर वेळ संख्येच्या वर्गाच्या पटीत जाते, म्हणजे आकडे दुप्पट तर वेळ चौपट. १९७३ मध्ये ब्लम, फ्लॉइड, प्रॅट, रिव्हेस्ट आणि टार्जन या पाच जणांनी कुठल्याही परिस्थितीत रेषीय राहील अशी पद्धत दिली. ती वाचायला सुंदर आहे, वापरायला मी कधी घेतली नाही.

धुळाक्षर | बुधवार, सकाळी ७:५५

जोगीबुवा, दंडवत. पहिल्या खड्ड्यात काल संध्याकाळीच पडून आलो होतो, तुम्ही चार तास आधी लिहायला हवं होतं.

होअरची युक्ती टाकली, ग्रुप बाय बराच हलका झाला. पण विंडोचं दुखणं तसंच आहे. विंडोची सुरुवात पुढे सरकली की पोस्टग्रेस चोपडी फेकून देतं आणि पहिल्यापासून भरतं. विंडोत १० हजार ओळी आणि एकूण १० लाख ओळी म्हणजे नोंद करणारं फंक्शन १,००० कोटी वेळा! चहा झाला, जेवण झालं, क्वेरी चालूच.

कर्सरराव | बुधवार, सकाळी १०:३३

त्यावर उपाय ९.४ मध्येच आलाय. अ‍ॅग्रिगेटला उलटं फंक्शन देता येतं: विंडोतून बाहेर पडणारी ओळ चोपडीतून खोडायची. दिलंत की प्रत्येक ओळीला साधारण एक नोंद, एक खोड.

मध्यकाला खोडणं बेरजेपेक्षा सुरक्षितही आहे. दशांश बेरजेतून आकडा वजा केला की मागे कचरा उरतो, म्हणून पोस्टग्रेसनं फ्लोटच्या बेरजेला उलटं फंक्शन दिलेलंच नाही. मध्यकात आकडा एकतर चोपडीत असतो किंवा नसतो.

प्रश्न एवढाच की खोडायचा आकडा पटकन सापडायला हवा. दोन हीपवाली पद्धत (लहान आकड्यांचा एक ढीग, मोठ्यांचा दुसरा) मुलाखतीत छान दिसते, पण तिच्यात घालणं सोपं, मधूनच काढणं कटकटीचं. मी असतो तर अ‍ॅरे कायम क्रमानं लावलेला ठेवला असता. जागा बायनरी सर्चनं (दर वेळी निम्मा भाग सोडत) शोधायची आणि पुढचे आकडे सरकवायचे. १० हजार आकड्यांत सरकवणं म्हणजे ८० केबी इकडून तिकडे, प्रोसेसरला ते किरकोळ आहे.

एक पथ्य: विंडोत शेवटचं फंक्शन पुन्हा पुन्हा बोलावलं जातं. त्यानं चोपडी बिघडवायची नाही. तयार परसेंटाइलला ओव्हर का चालत नाही त्याचं कारण हेच आहे, एकदा सॉर्ट पूर्ण केला की त्यात नवा माल घालता येत नाही.

आत्याबाई | बुधवार, सायंकाळी ६:१०

एक अडाणी प्रश्न विचारू का? तुमची मिनिटं पूर्णांकात आहेत ना? आणि पार्सल बहुतेक एका दिवसाच्या आत पोचतं ना?

मग एकेक आकडा लिहून कशाला ठेवता? आम्ही मुलांना वारंवारता सारणी करायला शिकवतो. ३८ मिनिटं: किती पार्सलं, ३९ मिनिटं: किती पार्सलं. ताळ्याच्या खुणा. मग संचित वारंवारता लिहीत खाली जायचं, निम्मी संख्या ओलांडली की तिथे मध्यक. पार्सलं लाख असोत की कोटी, सारणीच्या ओळी तेवढ्याच.

धुळाक्षर | बुधवार, सायंकाळी ६:२५

...

आत्याबाई, मी पाच मिनिटं नुसता स्क्रीनकडे बघत बसलोय.

दिवसाची मिनिटं १,४४०. प्रत्येकाला आठ बाइटचा एक मोजणी-रकाना, म्हणजे ११,५२० बाइट. ओळ आली, रकाना एकानं वाढवा. ओळ गेली, एकानं कमी करा. दोन समांतर कामगारांच्या चोपड्या जोडायच्या, रकान्याला रकाना मिळवा. तिन्ही दुखणी एका सारणीत गेली! उत्तर काढायला जास्तीत जास्त १,४४० पावलं.

पण त्या १९ दिवसांच्या पार्सलाचं काय करू? २७,३६० रकाने ठेवू?

आत्याबाई | बुधवार, सायंकाळी ६:५०

शेवटचा वर्ग उघडा ठेवा: '१४४० आणि त्याहून जास्त'. मध्य काढताना उघडा वर्ग त्रास देतो, कारण त्यात नेमकं काय आहे ते कळत नाही. मध्यकाला त्याचं सोयरसुतक नाही, फक्त वर किती जण आहेत एवढं कळलं की पुरे. निम्म्याहून जास्त पार्सलं त्या वर्गात गेली तरच अडेल, पण तेव्हा तुमची अडचण गणिताची नसेल.

जुना_जोगी | बुधवार, रात्री ९:१५

आत्याबाईंना साष्टांग. आम्ही सॉर्टच्या जाती मोजत बसलो होतो.

उलटं एक सांगतो. ही युक्ती वेगळ्या किमती मोजक्या असतात तिथेच. रुपये-पैशांच्या कॉलमवर सारणी अ‍ॅरेएवढीच फुगेल. तिथे मग रुंद वर्ग करून अंदाजे उत्तरावर समाधान मानायचं, किंवा टी-डायजेस्ट, केएलएल असली मंडळी बोलवायची. ती सारणीचीच शहाणी भावंडं, वर्ग स्वतःच पाडून घेतात. क्लिकहाउस हा डेटाबेस तर साधा मध्यक मागितला की जास्तीत जास्त ८,१९२ आकड्यांचा नमुना उचलून त्यावरून सांगतं. नेमका हवा तर वेगळं फंक्शन मागावं लागतं. हे न वाचता त्यावर हिशेब जुळवत बसलेला माणूस मी पाहिलाय. (आरशात.)

चिंच_गूळ | बुधवार, रात्री ९:४०

रुंद वर्गांसाठी ते दहावीचं सूत्र ना? वर्गाची खालची मर्यादा अधिक काहीतरी गुणिले वर्गांतर?

आत्याबाई | बुधवार, रात्री ९:५८

'काहीतरी'ला अर्धा गुण कापला. निम्म्या एकूण वारंवारतेतून आधीची संचित वारंवारता वजा करा, मध्यक वर्गाच्या वारंवारतेनं भागा, वर्गांतरानं गुणा, खालच्या मर्यादेत मिळवा. वर्गातली मंडळी सारख्या अंतरावर उभी आहेत असं त्यात धरलेलं असतं, म्हणून उत्तर अंदाजे. धुळाक्षरांचा वर्ग एकाच मिनिटाचा आहे, त्यांना सूत्राची गरज नाही.

नल_आणि_दमयंती | गुरुवार, सकाळी ८:२०

सम संख्येचं काय ठरलं? चार पार्सलं ३७, ३८, ४१, ४४. परसेंटाइल_डिस्क ३८ देईल, परसेंटाइल_कॉन्ट ३९.५. दोन्ही बरोबर आहेत, पण एक निवडून तसं लिहून ठेवा. आणि सरासरी काढलीत तर पूर्णांकाला पूर्णांकानं भागू नका. पोस्टग्रेसमध्ये (३८ + ४१) / २ म्हणजे ३९, अर्धं मिनिट गायब.

माझं मत डिस्कच्या बाजूनं. ३९.५ मिनिटांत कुठलंच पार्सल आलेलं नाही. ३८ वालं दाखवता येतं, त्याचा नंबर सांगता येतो. शिवाय तारखांना आणि अक्षरांनाही तीच व्याख्या चालते, दोन नावांची सरासरी कोण काढणार?

कर्सरराव | गुरुवार, सकाळी ११:०५

असहमत. डिस्क नेहमी खालचा उचलतो. आमच्यासारख्या दोन-चार ओळींच्या गटांत मग आकडे सगळे एकाच बाजूला कलतात. आणि पाठ्यपुस्तकातली व्याख्या मधल्या दोघांच्या सरासरीचीच आहे. विचारा आत्याबाईंना.

दोन-चार ओळींवरून आठवलं: धुळाक्षर, गट किती आहेत? ४० हजार गट असतील आणि प्रत्येकाला ११,५२० बाइटची कोरी सारणी दिलीत, तर ४६ कोटी बाइट नुसते शून्य ठेवायला गेले. बऱ्याच गटांत पार्सलं पाचच असतील. आधी छोटी यादी ठेवा, ती भरली की सारणीवर जा. आणि अ‍ॅग्रिगेट जाहीर करताना चोपडी साधारण केवढी होते ते प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला) सांगता येतं, ते सांगा. नाहीतर तो बिचारा आपल्याच अंदाजानं हॅशची योजना आखत राहतो.

धुळाक्षर | शनिवार, दुपारी १२:३०

उशीर झाल्याबद्दल क्षमस्व. झालंय काम, पण एक गोष्ट सांगायची राहिली.

कर्सररावांचं ऐकून ६४ आकड्यांपर्यंत यादी, पुढे सारणी. सम संख्येला मधल्या दोघांची सरासरी, न्यूमेरिकमध्ये. (दमयंतीबाई, साहेब पाठ्यपुस्तकाच्या बाजूनं निघाले.) सरकती विंडो आता चहा ओतेपर्यंत येते.

मग पडताळणी म्हणून प्रत्येक गटाचा मध्यक परसेंटाइल_कॉन्टशी ताडून पाहिला. सगळे जुळले, एक सोडून. माझा ४२, त्याचा ४१. दोन दिवस त्या एका मिनिटामागे गेले. होअर तपासला, यादीतून सारणीवर जायची जागा तपासली, बेरीज-वजाबाकी तपासली.

शेवटी त्या गटाच्या ओळी सॉर्ट करून नुसत्या डोळ्यांनी वाचल्या. पहिलीच ओळ: उणे १. कुणाच्या तरी फोनचं घड्याळ मागे होतं, पार्सल निघायच्या एक मिनिट आधी पोचलं! मी वरची बाजू उघड्या वर्गानं बंद केली होती, खालची बघितलीच नव्हती. सारणीतला उणे एकावा रकाना म्हणजे सारणीच्या लगेच आधीची जागा, आणि तिथे मी काय ठेवलं होतं? एकूण संख्या. म्हणजे ते पार्सल सारणीत कुठेच मोजलं गेलं नाही, पण एकूणात दोनदा. निम्म्याची जागा पुढे सरकली, मध्यक मिनिटानं वाढला. उणे ५० असतं तर कदाचित सर्व्हर पडला असता आणि तासाभरात सापडलं असतं.

आता शून्याखाली काही आलं की फंक्शन एरर देतं.

नल_आणि_दमयंती | शनिवार, दुपारी १२:५२

एरर? म्हणजे एका फोनचं घड्याळ चुकलं की साहेबांची अख्खी स्क्रीन कोरी? खालीही उघडा वर्ग ठेवा की, 'शून्याहून कमी'.

धुळाक्षर | शनिवार, दुपारी १:१०

ठेवला असता. पण मग ती घड्याळं कुणी दुरुस्त करणार नाही. सोमवारी सकाळी स्क्रीन कोरी दिसली की साहेबांचा फोन मला येईल, मी तो गोदामाकडे वळवीन.

ताकभात | शनिवार, दुपारी १:१५

सोमवारी काय झालं ते कळवा. वाखु अजून आहे.